मानणं हातात असतं, पटणं नसतं? माझ्या आजीचं १९६३ सालचं प्रकरण

१९६३ चा उन्हाळा. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजूचं एक खेडं. घरात पाच वर्षांचा पोरगा तापाने फणफणतोय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडावर पुरळ उठलं, मग हातांवर, मग तळहात-तळपायांवर सुद्धा, आणि दोन दिवसांत त्याच्या टपोऱ्या पाण्याने भरलेल्या पुळ्या झाल्या. घरात दुसरं लेकरू दोन वर्षांचं, त्याला अजून काही नाही. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला, फोडणी बंद झाली, पायताणं बाहेर गेली. सासू म्हणतेय मरीआईकडे जा, नारळ दे, पोराला बरं वाटलं की कोंबडं कापीन म्हणून बोल. आणि त्याच आठवड्यात गावात देवीच्या रोगाची लस टोचणारा सरकारी माणूस आलाय, तो म्हणतोय धाकट्याला आत्ताच्या आत्ता टोचून घ्या.

मधे उभी आहे ती माझी आजी, वय सव्वीस. मोठा पोरगा म्हणजे माझे मोठेबाबा आणि धाकटा म्हणजे माझा बाप.

हे मी एक केस म्हणून लिहायला घेतलंय कारण "माणूस काय मानायचं ते स्वतः ठरवू शकतो का" हा प्रश्न निघाला की बहुतेक वेळा हवेतली उदाहरणं दिली जातात. म्हणजे, समजा तुला एक कोटी दिले आणि सांगितलं की नागपुरात मे महिन्यात बर्फ पडतो असं मनापासून मान, तर मानशील का? नाही मानू शकत, तोंडाने म्हणशील फार तर. झालं, वाद संपला, विश्वास ठरवता येत नाही. पण आजीने सात वर्षं आधी, १९५६ च्या धम्मदीक्षेत, लाखो लोकांसोबत उभं राहून नेमकं तेच केलं होतं ना, काय मानायचं आणि काय नाही ते ठरवून जाहीर केलं होतं. मग १९६३ मधे त्या ठरवण्याचं काय झालं, हे मला बघायचंय. २००९ मधे दोन दुपारी बसून मी तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, खाली तिची म्हणून जी वाक्यं आहेत ती त्यातलीच.

आधी १९५६ बद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६, रविवार, अशोक विजयादशमी. नागपूर. आजी एकोणीस वर्षांची, नवरा, सासू आणि वस्तीतली पंधरा-वीस माणसं असे हिंगणघाटपर्यंत पायी आणि पुढे रेल्वेने गेले. पांढरी वस्त्रं घालून या असा निरोप होता, आजीकडे पांढरं लुगडं नव्हतं म्हणून तिने शेजारणीचं आणलं होतं आणि ते नंतर परत केलंच नाही, शेजारीण म्हणाली ठेव तुझ्याकडे. मैदान होतं श्रद्धानंद पेठेत, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या बाजूला. तो सगळा परिसर आजही माता कचेरी म्हणून ओळखला जातो, आणि आजी सांगायची की माता म्हणजे अंगावर निघते ती माता, देवीचा रोग, त्याच्या लशीची ती कचेरी. म्हणजे मरीआईला मानणार नाही हे जिथे ती बोलली ती जागा देवीच्या लशीच्या कचेरीला लागून होती, आणि सात वर्षांनी तिची परीक्षा झाली ती नेमकी देवीच्याच रोगात. तिला स्वतःला हे खूप महत्त्वाचं वाटायचं, दोनदा सांगितलंय रेकॉर्डिंगमधे.

कुशीनगरच्या महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या सगळ्या लोकांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजी आणि तिची सासू एकमेकींच्या बाजूला उभ्या होत्या आणि दोघींनी एकच शब्द एकाच वेळी उच्चारले, ही गोष्ट लक्षात ठेवा.

गावी परत आल्यावर वस्तीतल्या घराघरातले देव एका टोपल्यात गोळा झाले आणि नदीत सोडले. आजीच्या घरातले पण गेले. एक सोडून, पण ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

आता त्या बावीस प्रतिज्ञांकडे जरा बारकाईने बघा, आम्ही लहानपणापासून त्या पाठ म्हणत आलोय पण मला हे फार उशिरा दिसलं. पहिली आहे, मी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही किंवा त्यांची उपासना करणार नाही. इथे क्रियापद "मानणार नाही", भविष्यकाळ, म्हणजे वचन. चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, तशातलंच. पण चौथी बघा, देवाने अवतार घेतले यावर माझा विश्वास नाही. इथे "ठेवणार नाही" असं नाहीये, "नाही" असं आहे. हे वचन नाही, आत्ता माझ्या मनात काय आहे त्याची नुसती माहिती आहे. आणि विसावी तर अजून पुढची, तोच सद्धम्म आहे अशी माझी खात्री पटली आहे. पटली आहे, म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. "मी खात्री पटवून घेईन" असं वचन तिथे मागितलेलं नाही.

मराठीत हा फरक आपण रोज करतो आणि आपल्याला कळतही नाही. मी मानतो, पण मला पटतं. मी विश्वास ठेवतो, पण माझा विश्वास बसतो. "विश्वास ठेव" असं आपण कोणालाही सांगू शकतो, "विश्वास बसव" असं कोणी सांगत नाही, तो बसतो तेव्हा बसतो. "मान" असा हुकूम देता येतो, "तुला पटू दे" हा फार तर आशीर्वाद झाला. मानणं मी करतो, पटणं मला होतं, जशी भूक लागते झोप येते तसं. आता कोणी म्हणेल व्याकरणावरून मनाचा कारभार सिद्ध होत नाही, बरोबर आहे, नाहीच होत, पण कुठे खणायचं ते कळतं. आणि त्या प्रतिज्ञांमधे हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत, बहुतांश वचनं, आणि मधे दोन-तीन जागी मनाची खबर.

मग प्रश्न येतोच की ज्याच्या मनात ती खबर खरी नव्हती त्याने काय केलं? आजीला मी हे थेट विचारलं. तुझी खात्री पटली होती का गं त्या दिवशी?

"मले काय पटलं होतं ते सांगू का तुले. मले बाबासाहेब पटले होते. बाकीचं त्याईनं सांगतलं, म्हनून म्या म्हनलं. मरीआईचं भेव तं पोटात तसंच होतं, ते नदीत नाही गेलं."

एवढा प्रामाणिक जबाब मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

परत १९६३ मधे येऊ. आजीच्या माहेरी तिचा काका पोतराज होता, अंगावर आसूड ओढून घेणारा, लहानपणी तिने मरीआईचा कोप म्हणजे काय त्याच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की ते तिच्यासाठी मत वगैरे नव्हतंच, ते विहिरीत पडलं की बुडतो तसं ज्ञान होतं. त्यात रोगाचं नावच देवी. आपण म्हणतो ना, अंगावर देवी आल्या. पोराला काय झालंय हे सांगायला तोंड उघडलं की देवी असं म्हणावंच लागतं, दुसरा शब्दच नाही तिच्या बोलीत, आणि तुम्ही तिला सांगताय की देवी मानू नको.

सासू तीन दिवस मागे लागली होती. वस्तीतल्या दोन-तीन घरांनी, दीक्षा घेतलेल्या घरांनीच, गुपचूप नारळ दिले होते. आजोबा कामाला हिंगणघाटला मिलमधे, आठवड्याने यायचे. आणि टोचणारा माणूस शाळेच्या ओट्यावर बसलेला. तेव्हा देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ पासून सुरू झाली होती, गावोगाव टोळ्या फिरायच्या. हत्यार म्हणजे एक छोटी दातेरी चकती, लशीचा थेंब टाकून ती कातडीवर दाबून फिरवायची, त्याचा गोल वण आयुष्यभर राहायचा, आपल्या आई-वडिलांच्या पिढीच्या दंडावर बघा. अडचण अशी की घरात माता आलेली असताना सुई टोचणं म्हणजे तिचा अपमान, ती चवताळते आणि दुसरं लेकरू पण नेते, असं सगळे मानायचे. म्हणजे आजीपुढे एक नाही दोन निर्णय होते. मोठ्यासाठी नवस बोलायचा का, आणि धाकट्याला टोचायचं का.

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. कारण आपण ही गोष्ट अशी सांगतो की एका बाजूला अंधश्रद्धा आणि एका बाजूला विज्ञान, आणि आजीने विज्ञान निवडलं. तसं झालेलं नाही. तिचा सुईवर पण विश्वास नव्हता. तिने ती लस कशी काम करते हे ऐकलेलं नव्हतं, कोणी समजावलं नव्हतं, आणि त्या हत्याराला ती घाबरत होती. मरीआईवर विश्वास होता (भीतीच्या रूपात), सुईवर नव्हता, आणि तिने केलं मात्र उलटं. नवस बोलली नाही आणि धाकट्याला कडेवर घेऊन शाळेच्या ओट्यावर गेली.

का? मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, रेकॉर्डिंगमधे तेवढा वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे. मग म्हणाली, "म्या नाही म्हनलं होतं ना. सगळ्याईच्या समोर म्हनलं होतं. आता लेकरू पडलं म्हनून जर गेली असती, तं मंग ते म्हननं कायचं होतं?" आणि सुईबद्दल, "त्या मानसाच्या दंडावर वन होता. म्या म्हनलं दाखव, त्यानं बाही वर करून दाखवला. म्हनलं याले टोचलं तं हा मेला नाही."

बघा म्हणजे, दोन गोष्टी आहेत यात. नवसाला नकार हा शब्द पाळण्याचा निर्णय आहे, तो मताचा निर्णय नाही. आणि सुईसाठी तिने जागच्या जागी एक छोटासा पुरावा मागितला, मिळाला, तेवढ्यावर पाऊल टाकलं. विश्वास बसला म्हणून कृती झाली नाही, कृती झाली आणि विश्वासाला वाट मोकळी ठेवली.

त्या रात्री ती झोपली नाही. भीती जराही कमी झाली नव्हती. पोराजवळ बसून तिला सारखं वाटत होतं की आपण आपल्या हाताने दोन्ही लेकरं घालवली. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण "निर्धार केला आणि मन शांत झालं" असं जे आपण ऐकतो ते या केसमधे झालेलं नाही. मनाने तिचं अजिबात ऐकलं नाही.

मोठेबाबा वाचले. तीन आठवड्यांनी खपल्या पडल्या, चेहऱ्यावर वण राहिले ते शेवटपर्यंत. न टोचलेल्या माणसाला हा रोग झाला तर तेव्हा साधारण दहातले तीन मरायचे, म्हणजे वाचायची शक्यता तशी पण जास्तच होती. माझ्या बापाला देवी निघाल्याच नाहीत. लागण झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत टोचलं तरी ती लस रोग टाळू शकते किंवा सौम्य करू शकते, हे आता आपल्याला माहीत आहे, आजीला माहीत नव्हतं.

आणि आता सासूबद्दल. मोठेबाबा उठून बसायला लागल्यावर सासूने सांगून टाकलं की ती एका रात्री गुपचूप मरीआईच्या देवळात जाऊन नारळ फोडून आली होती, नवस बोलून आली होती, म्हणून पोरगं वाचलं आणि धाकट्याला पण तिनेच सांभाळलं. झालं! तेच घर, तीच दोन लेकरं, तोच निकाल, आणि दोघी बायकांना दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध झाल्या.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण जे लोक म्हणतात विश्वास माणसाच्या हातात नसतोच, पुरावा समोर आला की तो आपोआप बसतो, त्यांना हे घर उत्तर देतं. नुसता पुरावा आपोआप काही करत नाही. सासूला खोटारडी म्हणायला पण मी तयार नाही. तिने १९५६ मधे तेच शब्द मनापासून उच्चारले होते, बाबासाहेब गेले तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. पण तिला पटलं नाही, आणि न पटल्याबद्दल मी पणजीला दोष कसा देऊ, पटणं तिच्या हातात कुठे होतं?

हातात काय होतं ते आजीने पुढच्या महिन्यात जे केलं त्यात दिसतं. तिने मोजलं. वस्तीत किती लेकरांना देवी निघाल्या, त्यातल्या किती जणांना टोचलं होतं, किती घरांनी नवस केला होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वस्ती केवढी, घरं किती, एकूण एक लेकरू तिला माहीत. टोचलेल्यांपैकी कोणाला निघाल्या नाहीत, आणि जी दोन लेकरं गेली त्यातल्या एकाच्या घरी नवस झालेला होता. चाळीस-पन्नास घरांवरून विज्ञान सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण मोजायला घेणं हाच तिने केलेला निवाडा होता. मोजताना उत्तर उलटं येऊ शकलं असतं, टोचलेली लेकरं गेलेली निघाली असती, आणि आपल्याच हातून चूक झाली असं कळलं असतं. ते ऐकायची तयारी ठेवून ती घरोघर विचारत फिरली. सासूने मोजलं नाही, तिला गरज वाटली नाही, तिचं उत्तर आधीच तयार होतं.

क्लिफर्ड नावाच्या इंग्रज विचारवंताने १८७७ मधे एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी अशी शंका त्याच्या मनात येते, पण तो ती दाबून टाकतो, एवढ्या सफरी झाल्या याही होतील अशी स्वतःची समजूत घालतो, आणि अगदी प्रामाणिक विश्वासाने माणसं भरून जहाज पाठवतो, ते बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं, तो विश्वास खरा होता तरी तो दोषी आहे, कारण तो विश्वास त्याने शंका मारून कमावला. मला ही गोष्ट वाचताना आजी आठवते, उलट बाजूने. तिची शंका (आपण चुकलो तर?) तिने मारली नाही, ती घेऊन वस्तीत फिरली.

आता एक हरकत, आणि ती खरंच वजनदार आहे, माझ्या एका मित्राने घेतलेली. तो म्हणाला, तुझ्या आजीने केलं ते आणि पास्कलने सांगितलं ते एकच आहे. सतराव्या शतकातल्या त्या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं होतं की देवावर विश्वास बसत नसेल तर बसल्यासारखं वाग, प्रार्थनेला जा, पवित्र पाणी घे, हळूहळू बसेल. आजीने पण तेच केलं, मानत नसल्यासारखी वागली आणि हळूहळू मानेनाशी झाली. मग हे स्वतःला भुलवणंच झालं, नुसतं दिशा वेगळी. कोणीही कुठल्याही गोष्टीला ही पद्धत लावेल आणि काहीही मानायला लागेल.

मी यावर बरेच दिवस विचार केला. अर्धं त्याचं बरोबर आहे. वागण्याने मन बदलतं हे दोन्हीकडे खरं आहे, आणि मन थेट बदलता येत नाही म्हणून माणूस असं मागच्या दाराने जातो. आजीच्या बाबतीत पण हे झालं, दर वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत समाजमंदिरात बाबासाहेबांचा ग्रंथ वाचला जायचा आणि ती कामाहून आल्यावर बसायची, वर्षानुवर्षं. मरीआईच्या जत्रेला जाणं बंद, पोतराज काकाच्या गोष्टी कानावर येणं बंद. भीतीचं खाणं-पिणं तोडलं तर भीती रोडावणारच. पण पास्कलच्या सल्ल्यात शेवटी काय मानायचं आहे ते आधीच ठरलेलं आहे आणि वागणं फक्त तिथे पोचायचं वाहन आहे. आजीच्या बाबतीत वचनाने एक गोष्ट बंद केली होती, उपासना. बाकी डोळे उघडे होते. बुद्धाने केसपुत्तच्या कालामांना सांगितलं होतं की परंपरेने आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः बघा कशाने अकुशल म्हणजे वाईट होतं आणि कशाने कुशल म्हणजे चांगलं. आता आजी गुरू सांगतो म्हणूनच स्वीकारून बसली होती हे खरं आहे, ती स्वतःच म्हणते. पण ज्या गुरूचं ऐकलं त्याच्या शिकवणीत ही खिडकी होती, आणि १९६३ मधे तिने ती वापरली.

आणि बाबासाहेबांचा स्वतःचा रस्ता बघा, म्हणजे माझा मुद्दा अजून स्पष्ट होईल. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. जन्म हातात नव्हता, हे हातात आहे. आणि प्रत्यक्ष दीक्षा १९५६ ला. एकवीस वर्षं! सोडायचं हे एका दिवशी ठरवता आलं, काय स्वीकारायचं ते ठरायला एकवीस वर्षं लागली. १९०७ मधे मॅट्रिक झाल्यावर केळुस्कर गुरुजींनी बुद्धचरित्र हातात दिलं होतं तिथपासून मोजलं तर जवळजवळ पन्नास. ज्याच्या हातात सगळं होतं, ज्याच्या एका शब्दावर लाखो माणसं येणार होती, त्या माणसाने पण "मी उद्यापासून हे मानतो" असं केलं नाही, वाचत राहिला, तपासत राहिला, पटायची वाट बघितली. विसाव्या प्रतिज्ञेतलं "खात्री पटली आहे" हे त्यांच्या तोंडी शब्दशः खरं होतं. समोरच्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडी ते पुढे खरं व्हायचं होतं, आणि माझ्या मते ते खोटं बोलणं नव्हतं, त्यांनी एका माणसावरचा विश्वास तारण ठेवून ते शब्द उचलले होते.

बर्नार्ड विल्यम्स म्हणून एक ब्रिटिश तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७० च्या सुमारास मांडलेला युक्तिवाद मला पटतो: मी एखादी गोष्ट खरी आहे की खोटी याची पर्वा न करता नुसत्या इच्छेने मानू शकत असेन, आणि मला हे माहीत असेल, तर मी तिला माझा विश्वास म्हणूच शकणार नाही, कारण विश्वास म्हणजे हे खरं आहे असं वाटणं. आजीने तसा प्रयत्नच केला नाही. "मरीआई नाही, मरीआई नाही" असं घोकत बसली नाही. तिने मनाला हात लावला नाही, पाय कुठे जातील, कान काय ऐकतील आणि डोळे काय मोजतील एवढंच ठरवलं.

मग भीती गेली कधी? हा प्रश्न मी तिला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला, मला एक क्षण हवा होता, तिच्याकडे तो नव्हता.

"तारीख कशी सांगू. एक डाव वावरातून येत होती, संध्याकाळ झाली होती, देवळावरून आली. घरी येऊन भाकरी टाकल्यावर ध्यानात आलं, का आज देऊळ कवा गेलं ते समजलंच नाही. पहिले तिथं आलं का छातीत धस्स होये."

म्हणजे विश्वास गेल्याचं तिला नंतर कळलं, जसं दुखणं थांबल्याचं नंतर कळतं. ठरवून केलेल्या कितीतरी गोष्टी त्याच्या मागे होत्या, पण ते जाणं स्वतः ठरवून झालेलं नव्हतं. हे साधारण १९७० नंतरचं असावं, माझा बाप तेव्हा शाळेत होता. आणि एक गोष्ट तिने हसत सांगितली पण मला ती पुराव्यासारखी वाटते. १९७५ नंतर भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं की देवीचा रोगी दाखवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस. बापाने तिला ते वाचून दाखवलं. "हजार रुपये! तवा हजार म्हंजे काय. सरकार मातेले धुंडून राहिलं अन् कोनालेच सापडेना." देशातली शेवटची लागण १९७५ मधलीच, आणि १९८० मधे जगातून हा रोग संपल्याचं जाहीर झालं. जिच्या कोपाला ती रात्रभर घाबरली होती त्या कोपाची खूणच जगातून निघून गेली.

हा योगायोग तिच्या बाजूने पडला हे मला मान्य केलं पाहिजे. मोठेबाबा त्या उन्हाळ्यात गेले असते तर? मी हे पण विचारलं, विचारायला नको होतं कदाचित. ती म्हणाली, मग मी मरीआईला मानलं असतं का काय माहीत, पण सासूला तोंड नसतं दाखवू शकले. म्हणजे वचन टिकलं असतं की नाही, आणि वचन टिकूनसुद्धा आतून काय झालं असतं, दोन्ही तिने उघडं ठेवलं. मी पण उघडंच ठेवतो. जे हातात होतं ते तिने केलं, आणि जे हातात नव्हतं ते वेगळं झालं असतं तर तिचं मन वेगळीकडे गेलं असतं, ही शक्यता पुसून टाकली तर ही केस खोटी होईल.

सासू, म्हणजे माझी पणजी, १९८१ मधे गेली. तिच्यामागे धान्याची कोठी रिकामी करताना तळाशी फडक्यात गुंडाळलेला देवाचा एक छोटा टाक निघाला, चांदीचा, घासून घासून चेहरा गेलेला. नदीत सोडलेल्या टोपल्यातून पंचवीस वर्षांपूर्वी मागे राहिलेला. मोठेबाबा म्हणाले आत्ताच नदीत टाकून येतो. आजीने त्यांच्या हातातून घेतला, फडक्यात परत गुंडाळला, म्हणाली राहू दे, तिची वस्तू आहे. हळद-कुंकू लावलं नाही, हात जोडले नाहीत, टाकलाही नाही. तो आता माझ्याकडे आहे, एका स्टीलच्या डब्यात, शेजारणीच्या त्या पांढऱ्या लुगड्याच्या घडीत ठेवलेला.